ताईचं मत आणि मिड सफोकच्या ३४ जागा

४ मे २०२३, गुरुवार, रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले. आमच्याकडे नाशिकला इंदिरानगरात लाईट गेलेली म्हणून मी गॅलरीत पाय वर करून बसलो होतो आणि फॅमिली ग्रुपवर ताईचा फोटो आला. ताई म्हणजे माझी आतेबहीण, इंग्लंडात नर्स आहे, सफोक म्हणून एक काउंटी आहे तिकडे स्टोमार्केटजवळच्या एका गावात राहते. फोटोत एका बुटक्या हॉलच्या बाहेर ती उभी, मागे भिंतीवर पोलिंग स्टेशनचा कागद, बाजूला कुणाचा तरी कुत्रा बांधलेला, आणि खाली एवढंच, "मत देऊन आले बरं का."

ग्रुपवर पाच मिनिटांत नुसता गोंधळ. आत्याने लगेच विचारलं, नागरिकत्व घेतलंस आणि घरात सांगितलं पण नाहीस? काकांनी विचारलं, बोटाला शाई कुठंय? ताई म्हणाली अगं आई, पासपोर्ट भारताचाच आहे, तोच दाखवून मत दिलं.

मला हे खरंच माहीत नव्हतं. कॉमनवेल्थ देशांचे नागरिक, म्हणजे आपण पण, तिकडे कायदेशीर राहत असलो आणि यादीत नाव घातलं तर सगळ्या निवडणुकांना मत देऊ शकतो, अगदी पार्लमेंटच्या सुद्धा. आणि इंग्लंडात मतदानाला ओळखपत्र दाखवा हा नियमच त्या मे महिन्यात पहिल्यांदा लागू झाला, त्याआधी नुसतं नाव-पत्ता सांगायचा, यादीवर टिक आणि घ्या कागद. आणि चालणाऱ्या ओळखपत्रांच्या यादीत कॉमनवेल्थ देशाचा पासपोर्ट आहे. शाई नाही, ईव्हीएम नाही, कागद आणि पेन्सिल, आणि ती पेन्सिल दोरीने बांधलेली. सकाळी ७ ते रात्री १०, सुट्टी बिट्टी काही नाही, ताई ड्युटी करून येताना गेली.

आता जळफळाट का झाला ते सांगतो. आमच्या नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक बसले, आणि ताईने फोटो टाकला तेव्हा आम्हाला नगरसेवक नसून वर्ष उलटून गेलं होतं, पुढेही कितीतरी दिवस तसंच चाललं. म्हणजे माझं जन्मगाव, माझी घरपट्टी, आणि मला मत नाही, आणि ही बाई भारताच्या पासपोर्टवर सफोकमधल्या कचऱ्याच्या डब्यांचा निर्णय करून आली. "तुमच्याकडे कोण उभंय?" तिने विचारलं. उभं राहायला निवडणूक लागते गं ताई.

दुसऱ्या दिवशी निकाल आला आणि तिकडच्या पेपरांत तिच्या कौन्सिलचं नाव. मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिल, ३४ जागा, त्यात ग्रीन पार्टी २४. ब्रिटनमध्ये ग्रीनवाल्यांना एखाद्या कौन्सिलमध्ये स्वतःचं बहुमत मिळायची ती पहिली वेळ. २०११ ला ब्रायटनमध्ये ते सगळ्यात मोठा पक्ष झाले होते, कारभारही केला, पण अल्पमतात. आणि ब्रायटन म्हणजे समुद्रकाठचं, विद्यापीठांचं, जरा निराळ्या लोकांचं शहर. तिथे ग्रीन निवडून आले तर कुणाला नवल नाही. पण मिड सफोक? गव्हाची शेतं, डुकरांचे गोठे, जुनी चर्च, रिटायर्ड माणसं, पिढ्यान्‌पिढ्या हुजूर पक्ष, म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर निफाड तालुक्यात पंचायत समितीवर एकदम पर्यावरणवाल्यांची सत्ता यावी तसं. मी ताईला फोन केला, म्हटलं तुम्ही हे काय करून ठेवलंय. ती म्हणाली मला काय माहीत, तो पत्रकं टाकणारा माणूस दर दोन-तीन महिन्यांनी येतो, बाकी कुणी येतच नाही, म्हणून त्यांना दिलं.

एवढ्या एका वाक्यावरून मी त्या कौन्सिलचा इतिहास वाचायला बसलो आणि मग सुटलाच नाही. बायको म्हणते दुसऱ्यांचे नवरे क्रिकेट बघतात.

आधी तिकडची रचना सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, तसं तिकडे खेड्यापाड्यांच्या भागात पॅरिश, डिस्ट्रिक्ट आणि काउंटी. काउंटीकडे शाळा, मोठे रस्ते, म्हाताऱ्या माणसांची काळजी. डिस्ट्रिक्टकडे कचरा, बांधकाम परवानगी, सरकारी घरं, हॉटेलांची तपासणी असलं सगळं. आणि घरपट्टी वसूल करायचं काम डिस्ट्रिक्टचं, पण त्यातला सगळ्यात मोठा वाटा काउंटीला जातो, म्हणजे बिलावर नाव यांचं आणि शिव्या पण यांनाच. फरक असा की आपल्याकडे पंचायत समितीला स्वतःचे दात नाहीत, जिल्हा परिषद सांगेल तसं, पण तिकडे डिस्ट्रिक्टच्या हातात बांधकाम परवानगी आहे आणि खेड्यात याच्याइतकी मोठी सत्ता दुसरी नाही. शेताच्या जागी दोनशे घरं होणार का नाही, हे ते ३४ जण ठरवतात. मग लोक का नाही भांडणार.

ताईच्या अंगणात चाकांचे दोन-तीन डबे आहेत, कुठल्या आठवड्यात कुठला बाहेर ठेवायचा याचं कॅलेंडर फ्रिजवर लावलेलं. तिला मी आमच्या घंटागाडीचं गाणं फोनवर ऐकवलं तर डोळ्यात पाणी आलं तिच्या. तिकडे गाडी गुपचूप येते आणि चुकीचा डबा ठेवला असला की तसाच ठेवून निघून जाते.

तर हे मिड सफोक काही जुनं-पुराणं नाही. १९७२ च्या कायद्याने इंग्लंडभर स्थानिक कारभाराची मोडतोड झाली, १ एप्रिल १९७४ पासून नवीन डिस्ट्रिक्ट सुरू झाले आणि त्यांची पहिली निवडणूक आधीच, १९७३ मध्ये झाली. मिड सफोक पाच तुकडे जोडून केलं. स्टोमार्केट हे गाव, गिपिंग, हार्टिस्मियर आणि थेडवास्ट्र हे तीन रुरल डिस्ट्रिक्ट, आणि पाचवं म्हणजे आय. हो, गावाचं नाव आय, डोळ्यासाठी जो शब्द आहे तोच. आमच्या आजीसमोर म्हटलं असतं "ताई आयला गेली" तर ती म्हणाली असती कोणाच्या?

या आयवर मी दोन रात्री घालवल्या. आजसुद्धा दोनेक हजार वस्तीचं गाव, पण १९७४ पर्यंत त्याला बरोचा दर्जा होता, म्हणजे आपली नगरपालिका म्हणा. असं सांगतात की तो दर्जा देणारी १२०५ ची किंग जॉनची सनद खरी केंट मधल्या हाइथ गावासाठी होती, नावातल्या सारखेपणामुळे इकडे आली, आणि हा घोळ लक्षात आला कधी, तर १९५० च्या दशकात. साडेसातशे वर्षांनी कोण काढून घेणार, राहू दिलं. आपल्याकडे असतं तर हायकोर्टात तारखा पडल्या असत्या.

आणि याच आयमधून १८३२ पर्यंत दोन खासदार जायचे पार्लमेंटात. दोन! मतदार मूठभर, आणि ती मूठ जवळच्या ब्रूम गावातल्या एका जहागीरदार घराण्याच्या खिशात. घराणं कुठलं, तर कॉर्नवॉलिस. शाळेत कायमधारा पद्धतीवर टीप लिहिली असेल ना, १७९३, तो लॉर्ड कॉर्नवॉलिस. तोच नंतर टिपूविरुद्धच्या लढाईत मराठ्यांसोबत होता... नंतर नाही, आधी, १७९० ते ९२, कायमधारा नंतरची. तर हा माणूस तरुणपणी १७६० ते १७६२ आयचा खासदार होता. म्हणजे इकडे पानिपत होत होतं तेव्हा हे साहेब घरच्या मतदारसंघातून बिनकष्टाचे निवडून येऊन बसले होते. मी हे ताईला सांगितलं, ती म्हणाली आमच्या इथून वीसेक मिनिटांवर आहे ते, तिथे मी रोपं आणायला जाते. झालं, इतिहास संपला.

सुरुवातीच्या वर्षांबद्दल एक गोष्ट कळली ती म्हणजे तेव्हा खेड्यांच्या डिस्ट्रिक्टमध्ये पक्ष ही भानगडच फारशी नव्हती. मोठे शेतकरी, रिटायर्ड फौजी, गावातली चार मानाची माणसं अपक्ष म्हणून उभी राहायची, आणि खूप ठिकाणी समोर कुणी उभंच राहायचं नाही. अर्ज जेवढ्या जागा तेवढेच, मग मतदान कशाला, सगळे बिनविरोध. जुन्या रुरल डिस्ट्रिक्टची, म्हणजे १८९४ च्या कायद्याने जे झाले त्यांची, तीच सवय पुढे आली. मग सत्तर-ऐंशीच्या दशकात हळूहळू त्याच अपक्षांच्या छातीवर निळी फित लागली, म्हणजे हुजूर पक्षाची. माणसं तीच, शेतं तीच. हे वाचताना मला आमच्या गावच्या सोसायटीच्या निवडणुका आठवल्या, पॅनलचं नाव दर वेळी वेगळं आणि फोटोतले चेहरे मात्र माझ्या लहानपणापासूनचे.

बिनविरोधवरून आठवलं. आपल्याकडे बिनविरोध म्हटलं की पेपरात कौतुक, गावात गुलाल. पण नाशिककरांना उमराणे आठवत असेल, देवळा तालुक्यातलं, कांद्याच्या मार्केटचं गाव. २०२० च्या शेवटी तिथे ग्रामपंचायतीची पदं चक्क बोली लावून द्यायचं ठरलं, रामेश्वर महाराजांच्या मंदिरासाठी २ कोटी ५ लाखांची बोली झाली, व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, इथे एवढे पैसे कोण देईल, इथे तर लोकांना उभं राहा म्हणून विनवण्या करतात. बरोबर आहे, पॅरिश कौन्सिलच्या जागा कितीतरी ठिकाणी रिकाम्याच राहतात आणि मग सदस्यच कुणाला तरी बोलवून घेतात. पद एकच, एका ठिकाणी २ कोटी, दुसऱ्या ठिकाणी कुणी फुकट घेईना. दोन्हीकडे मतदान मात्र होत नाही.

मधली वर्षं मी पटकन उरकतो कारण तिथे माझं पण लक्ष लागलं नाही. कधी त्रिशंकू, कधी हुजूर, लिबरल डेमोक्रॅट थोडे, मजूर पक्ष स्टोमार्केटच्या गावठाणात थोडा.

मजा आहे ती २०११ ची. शेजारचा डिस्ट्रिक्ट आहे बेबर्ग, तो पण असाच तुकडे जोडून केलेला. खर्च वाचवायचा म्हणून दोन्ही कौन्सिलांनी ठरवलं आपण एक होऊ, पण लोकांना विचारू. जून २०११ मध्ये दोन्हीकडे जनमत घेतलं. मिड सफोकने सांगितलं हो, बेबर्गने सांगितलं नाही. संपलं लग्न. पण गंमत पुढे आहे, लग्न मोडलं तरी संसार एकच चालू केला! अधिकारी एक, कर्मचारी एक, आणि डोक्यावर दोन वेगवेगळी सभागृहं, दोन वेगळ्या निवडणुका. आणि २०१७ मध्ये दोघांनी आपापली जुनी ऑफिसं सोडली, मिड सफोकचं नीडहॅम मार्केटला होतं, आणि दोघं गेले इप्सविचला, काउंटीच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने. आता इप्सविच ना मिड सफोकमध्ये येतं ना बेबर्गमध्ये, त्याचं स्वतःचं वेगळं कौन्सिल आहे. म्हणजे सिन्नर आणि इगतपुरीच्या पंचायत समित्या एकाच साहेबांच्या हाताखाली आणि ऑफिस नाशिकला सीबीएसजवळ, असं काहीसं. दाजी म्हणतात आमची तक्रार करायला आम्हाला दुसऱ्यांच्या हद्दीत जावं लागतं.

लोक चिडले असतील का या सगळ्यावर? मला वाटतं थोडे चिडले असणार, कारण पुढचे आकडे बघा.

२०१५ मध्ये ४० जागा होत्या, त्यात हुजूर पक्ष २९, ग्रीन ५. एकतर्फी. २०१९ ला वॉर्डांची फेररचना होऊन जागा ४० वरून ३४ वर आल्या, आणि निकाल लागला हुजूर १६, ग्रीन १२, लिबरल डेमोक्रॅट ५ आणि अपक्ष १. आता मांडा गणित. ग्रीन आणि लिबरल मिळून १७. हुजूर अधिक तो एक अपक्ष, १७. सतराला सतरा! अशा वेळी सभापतीला दुसरं निर्णायक मत असतं, कायद्यातच आहे ते, म्हणजे सभापती ज्यांचा त्यांची सत्ता. सत्ता हुजूर पक्षाकडेच राहिली. आपल्याकडे असतं तर तो एक अपक्ष निकालाच्या रात्रीच गोव्याच्या रिसॉर्टला पोचला असता, सोबत कुटुंब, फोन बंद.

आणि मग २०२३. ग्रीन २४, हुजूर ६, लिबरल ४. आठ वर्षांत २९ चे ६. हसू नका, आपण पण हे बघितलंय, २०१२ ला नाशिकने मनसेला महापालिकेत ४० जागा दिल्या आणि २०१७ ला ५. पण मनसेचं वर जाणं आणि खाली येणं दोन्ही लाटेसारखं होतं, एका सभेत आलं आणि एका निवडणुकीत गेलं. ग्रीनवाल्यांचं तसं नाही, ते मला जास्त इंटरेस्टिंग वाटलं. ५, १२, २४. मुंगीच्या चालीने. सगळीकडे उमेदवार उभे करून डिपॉझिट घालवण्यापेक्षा (तसं तिकडे कौन्सिलला डिपॉझिट नसतंच, उमेदवारी अर्जावरच्या दहा सह्या पण आता दोनवर आल्यात) एक-दोन वॉर्ड धरायचे, वर्षभर घरोघरी पत्रकं टाकायची, पत्रकात हवामान बदल वगैरे कमी आणि बस बंद झाली, नदीत सांडपाणी सोडलं, फुटपाथ, हेच जास्त. तो वॉर्ड जिंकला की शेजारचा. ताईच्या दाराशी येणारा माणूस तो हाच.

अर्थात वारं पण त्यांच्याच दिशेने होतं हे खरं. २०१९ ला थेरेसा मे यांच्या काळात हुजूर पक्षाने देशभरात तेराशेच्या वर कौन्सिलर गमावले आणि २०२३ ला सुनक असताना पुन्हा हजाराच्या वर. चिडलेल्या हुजूर मतदाराला मजूर पक्षाला मत देणं जड जातं, पिढ्यांचं वैर, पण ग्रीनला द्यायला लाज वाटत नाही. शेतकरीच म्हणतो, हिरवं तर मी पण आहे.

आणि यातच एक विसंगती आहे जी तिकडचे विरोधक सारखी उगाळतात. नॉर्विचपासून टिलबरीपर्यंत ४०० केव्हीची नवीन वीजवाहिनी टाकायचा प्रकल्प आहे, समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज लंडनकडे न्यायला, आणि त्याचे उंचच उंच टॉवर मिड सफोकच्या शेतांमधून जायचे आहेत. पवनऊर्जा पाहिजे म्हणणारा पक्ष आणि गावकऱ्यांना टॉवर नकोत. मग ग्रीनवाले पण टॉवरच्या विरोधात. जुलै २०२४ मध्ये इथलाच काही भाग असलेल्या वेव्हनी व्हॅली मतदारसंघातून ग्रीन पार्टीचे एड्रियन रॅमसे खासदार झाले आणि आल्या आल्या त्यांना हाच प्रश्न. ते म्हणाले थांबवा आणि पर्याय तपासा. यावर मी हसलो खरा पण मग आपले द्राक्षबागायतदार आठवले, बागेतून टॉवर जाणार म्हटल्यावर कुणाचं तत्त्व टिकतं? माझ्या मामाचं नाही टिकलं.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी खरं तर हे लिहायला घेतलं आणि कॉर्नवॉलिसमध्येच अडकलो. आकार.

मिड सफोकची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत साधारण १ लाख २ हजार ७००. सदस्य ३४. भागाकार केला तर एका सदस्यामागे तीन हजार माणसं. आता आपलं. नाशिक महापालिका, २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजार, नगरसेवक १२२, म्हणजे एकामागे बारा हजारांच्या वर, आणि तेही २०११ चा आकडा धरून, तेव्हापासून पाथर्डी फाट्याकडे किती टॉवर झालेत ते मोजा. आणि इथे एक नगरसेवक एका वॉर्डाचा नाहीच. २०१७ ला चार-चारचे प्रभाग केले, ३१ प्रभाग, त्यातले दोन तिघांचे. चारचा प्रभाग म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास वस्ती. म्हणजे माझा एक प्रभाग हा ताईच्या अख्ख्या डिस्ट्रिक्टच्या निम्मा! तिच्याकडे तेवढ्या लोकांना १७ सदस्य आणि आमच्याकडे ४, आणि त्या चौघांपैकी ड्रेनेज तुंबलं तर नक्की कोणाला फोन करायचा हे चौघांनाही माहीत नाही. अ म्हणतो ब ला सांगा, ब म्हणते ते क कडे आहे.

प्रभाग पद्धतीचा खेळ तर असा की दर वेळी नियम वेगळा. २००२ ला तीनचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोनाचा, २०१७ ला चारचा, मग पुढच्या निवडणुकीसाठी तीनचा करायचं ठरलं, सरकार बदललं, पुन्हा चारचा. माझं घर हललेलं नाही पण माझा प्रभाग गल्ल्या बदलत फिरतोय. तिकडे पण एका वॉर्डात दोन सदस्य असतात काही ठिकाणी, बहुतेक ठिकाणी एक, पण हद्दी ठरवायला स्वतंत्र आयोग आहे, तो बऱ्याच वर्षांतून एकदा येतो, नकाशे टाकतो, लोकांची पत्रं वाचतो आणि जातो. आणि दोन जागांच्या वॉर्डात मतदान कसं, तर एकच यादी, दोन फुल्या मारा, पहिले दोन निवडून. आपल्यासारखं अ ब क ड वेगळं, चार वेळा बटण दाबलंच पाहिजे असं नाही. मला २०१७ ला चौथं बटण दाबायला तीन मिनिटं लागली होती, मागच्या माणसाने विचारलं झोपलात का.

पण एक गोष्ट आपल्या बाजूची पण सांगायला पाहिजे, नाहीतर वाटेल हा इंग्लंडवर भाळला. तिकडे आरक्षण नावाचा प्रकार नाही. आपल्याकडे स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या, सोडत निघते, भलेभले पुढारी त्या दिवशी देवाला नवस बोलतात. हो, पुढे नवराच सगळं चालवतो वगैरे बोलतात लोक, काही ठिकाणी खरंही आहे, पण आमच्या गावात पहिल्यांदा ज्या बाई सरपंच झाल्या त्या सोडतीमुळेच झाल्या आणि पाण्याची टाकी त्यांच्याच काळात झाली. आणि मतदान! तिकडे अशा निवडणुकीला साधारण तिघांतला एक बाहेर पडतो. आपल्याकडे २०१७ ला नाशिकमध्ये ६० टक्क्यांच्या वर झालं होतं. ताईच्या गावात तिला रांगच लागली नाही, तिने कुत्र्याशी खेळून घेतलं.

समान मतं पडली तर काय, हे दोन्हीकडे एकच निघालं आणि मला का कोण जाणे फार बरं वाटलं. २०१७ मध्ये तिकडे नॉर्थम्बरलँड काउंटीत साऊथ ब्लाइथ वॉर्डात दोघांना ३५६-३५६ मतं पडली, मग काड्या ओढल्या, लांब काडी लिबरल उमेदवाराला आली आणि हुजूर पक्षाचं अख्ख्या काउंटीचं बहुमत एका काडीने हुकलं. त्याच वर्षी मुंबई महापालिकेत प्रभाग २२० मध्ये शिवसेना आणि भाजपच्या उमेदवारांना सारखी मतं, चिठ्ठी काढली, भाजप जिंकलं. शेवटी लोकशाही पण पत्त्यांच्या क्लबसारखीच.

असो. आता या कौन्सिलचं काय होणार, तर हे बंदच होणार आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिकडच्या सरकारने श्वेतपत्रिका काढली की काउंटी आणि डिस्ट्रिक्ट हे दोन मजले नकोत, एकच मोठी संस्था पाहिजे. सफोकमध्ये काउंटीवाले म्हणत होते अख्ख्या काउंटीचं एकच करा, डिस्ट्रिक्टवाले म्हणत होते एक नको, तीन करा. या भानगडीत मे २०२५ ला होणारी काउंटीची निवडणूक पुढे ढकलली. ढकलली! हे वाचून मी ताईला रात्री फोन लावला, म्हटलं वेलकम, आता तुम्ही आमच्यासारखे झालात. ती म्हणाली एका वर्षाने ढकलली तर इथे केवढी बोंब चाललीय. एका वर्षाने! नाशिक महापालिका १९८२ मध्ये झाली, नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड-देवळाली अशा तीन नगरपालिका जोडून, आणि पहिली निवडणूक कधी झाली माहितीये? १९९२. दहा वर्षं प्रशासक. आमचे बाबा म्हणतात त्या दहा वर्षांत रस्ते चांगले झाले होते. यावर आमच्या घरात नेहमी भांडण होतं, आई म्हणते रस्ते चांगले होते कारण गाड्या नव्हत्या.

मला वाईट वाटतं ते ग्रीनवाल्यांचं. कितीतरी वर्षं पत्रकं टाकत आले, शेवटी सत्ता आली, आणि २०२८ च्या आसपास ती खुर्चीच राहणार नाही. तीन हजार माणसांमागे एक सदस्य हा हिशोबही गेला, नव्या मोठ्या संस्थेत एकाच्या वाट्याला कितीतरी जास्त माणसं येतील. तो पत्रकवाला मग किती दारं चालणार.

मागच्या रविवारी मिसळ खाऊन आलो आणि ताईचा व्हिडिओ कॉल आला. मागे अंगणात ते डबे दिसत होते, झाकणावर कौन्सिलचा छाप. मी विचारलं, कौन्सिल गेलं की डबे बदलणार का? दाजी म्हणाले, कशाला, त्याच डब्यावर नवीन स्टिकर लावतील. ताई म्हणाली, ते सोड, तू तुझ्या चार नगरसेवकांची नावं सांग. मी २०१७ वाली दोन सांगितली, तिसऱ्याचं आडनाव आठवलं, चौथ्यासाठी बायकोला हाक मारली तर ती किचनमधून म्हणाली, ते नाही का, बॅनरवर डावीकडून दुसरे.